बदलायचे राहिलेले दोन शब्द

गेल्या वर्षी मी माझं जुनं लेखन स्वतःच्या साइटवर हलवत होतो. ज्या सेवेवर ते पंधरा-सोळा वर्षं पडून होतं, तिथे आवराआवरीची लक्षणं दिसायला लागली होती. मदतीच्या पानावरची शेवटची सूचना चार वर्षांपूर्वीची, आणि पत्राला उत्तर येईनासं झालेलं. सामान बांधायची वेळ झाली हे ओळखायला एवढं पुरे होतं. सगळं लेखन एका भल्यामोठ्या फाइलीत उतरवून घेतलं आणि रोज रात्री तासभर बसून एकेक लेख सोडवायला लागलो. काम रटाळ. तारीख तपासायची, अवतरणचिन्हांच्या जागी आलेला कचरा काढायचा, चित्रं होती तिथे उरलेल्या रिकाम्या चौकटी मोजायच्या, लेख नव्या जागी ठेवायचा, पुढचा घ्यायचा.

असाच २००९ सालचा एक लेख हाती आला. विषय छापील पुस्तकांचं भवितव्य. तेव्हा ई-पुस्तकं वाचायची यंत्रं नवी होती, माझा उत्साहही नवा होता, आणि पाच वर्षांत छापील पुस्तक फक्त हौशी संग्राहकांच्या कपाटात दिसेल असं मी ठणकावून लिहून ठेवलं होतं. वाचून कान गरम झाले. मग जे केलं ते इतकं सहज केलं की त्यात काही वावगं आहे हे डोक्यातही आलं नाही. 'पाच वर्षांत' हे दोन शब्द काढले आणि 'कधी ना कधी' लिहिलं. वाक्य लगेच शहाणं दिसायला लागलं. साठवलं, आणि खाली सरकलो.

खाली एका वाचकाचं उत्तर होतं, तेही त्याच फाइलीतून आलेलं. 'पाच वर्षं? माझ्याकडे आजोबांची पुस्तकं आहेत, ती आजही उघडतात. पाच वर्षांपूर्वीची सीडी उघडत नाही. २०१४ मध्ये बोलू.' उत्तर चोख होतं, आणि बरोबरही. पण माझ्या दुरुस्तीनंतर ते वाचलं तर काय दिसत होतं? लेखात पाच वर्षांचा उल्लेखच नाही, आणि हा गृहस्थ पाच वर्षांवरून वाद घालतोय. चुकलेला मी समंजस ठरलो होतो आणि बरोबर असलेला तो बरळणारा. दोन शब्दांत एवढं झालं होतं.

मी ते शब्द परत ठेवले. पण त्या रात्रीपासून, आपलं जुनं लेखन आपल्या साइटवर जपावं असं जे सगळेच म्हणतात (मीही म्हणत आलो), त्या सल्ल्यातली एक खोट मला दिसते. लेखन घरी आणा, हे ठीकच. पण घरी आणलेल्या लेखनाला सगळ्यांत मोठा धोका बाहेरच्या कंपनीचा नसतो. तो घरमालकाचा असतो.

आधी कंपन्यांबद्दल, कारण त्यांच्यावर विसंबून चालत नाही हे अजूनही पुष्कळांना पटलेलं नसतं. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीज या सेवेवर सामान्य माणसांनी आपली पहिली पानं थाटली होती. तिथे वस्त्या होत्या, वस्त्यांना नावं होती, प्रत्येक पानाला घर क्रमांक होता. याहूने १९९९ मध्ये ती साडेतीन अब्ज डॉलरहून जास्त किमतीला विकत घेतली आणि दहा वर्षांनी, ऑक्टोबर २००९ मध्ये, बंद केली. त्यातलं जे काही आज पाहायला मिळतं ते मुख्यतः बाहेरच्या स्वयंसेवकांमुळे आणि संग्राहकांमुळे. त्यांनी शेवटच्या महिन्यांत अक्षरशः पाणी भरल्यासारखी पानं भरून घेतली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला गेलं. गूगल प्लस २ एप्रिल २०१९ ला. याहू ग्रुप्सवरचा पत्रव्यवहार आधी पुसला गेला आणि डिसेंबर २०२० मध्ये सेवाच संपली. मायस्पेस या समाजमाध्यमाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. ती बंदही पडली नव्हती. सामान एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेताना २०१५ पर्यंत लोकांनी चढवलेलं संगीत गेलं, हे २०१९ मध्ये जगाला कळलं. अंदाज पाच कोटी गाण्यांचा होता.

यात खलनायक शोधायची गरज नाही. कंपनीने तुमचं लेखन जपण्याचं वचन कधी दिलेलंच नसतं. तिने जागा दिलेली असते, तीही तिला परवडेल तोवर. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये मोजदाद मांडली तेव्हा २०१३ साली असलेल्या वेब पानांपैकी ३८ टक्के पानं दशकभरानंतर उघडत नव्हती. मला या आकड्यात नवल वाटत नाही. आपल्या वयाच्या कुणीही जुने खूणपत्ते (बुकमार्क) उघडून बघावेत, साधारण असाच हिशेब निघेल.

मग स्वतःचं नाव, म्हणजे साइटचा स्वतःचा पत्ता (डोमेन), आणि स्वतःची जागा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं लेखन आपल्या पत्त्याबरोबर हिंडतं. आज एका सर्व्हरवर, उद्या दुसऱ्यावर, वाचकाला पत्ता तोच. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच सांगून ठेवलं होतं की पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसं ते बदलतात. लेख साध्या मजकुराच्या किंवा साध्या एचटीएमएलच्या (वेब पानांच्या मूळ भाषेच्या) रूपात ठेवले तर त्यांना फार देखभाल लागत नाही. नव्वदच्या दशकातलं साधं पान आजच्या ब्राउझरमध्ये तक्रार न करता उघडतं. त्याच काळातलं झगमगीत काहीतरी उघडून बघा. इथवर माझं आणि इतर सल्लागारांचं एकमत आहे.

तरी स्वतःच्या साइटला अमरपट्टा मिळालेला नसतो, हे सांगायला हे सल्लागार विसरतात. नाव विकत घेतलेलं नसतं, भाड्यानेच असतं. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचं. कार्डाची मुदत संपली, सूचनेची पत्रं जुन्या ईमेलवर गेली, की नाव सुटतं. सुटलेली नावं उचलायला माणसं टपलेलीच असतात. माझ्या एका मित्राच्या पत्त्यावर आज कर्जाच्या जाहिराती आहेत आणि वरच्या पट्टीत त्याचंच नाव. कंपनीच्या भरवशावर ठेवलेलं लेखन कदाचित त्याच्या साइटपेक्षा जास्त टिकलं असतं. तेव्हा 'स्वतःची साइट' म्हणजे एकमेव प्रत नव्हे. ती मूळ प्रत. तिच्या नकला इतरत्र हव्यात, आणि इंटरनेट आर्काइव्हसारख्या संस्थेला आपली पानं उचलू द्यायला हवीत. १९९६ पासून चाललेल्या या संग्रहात २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एक लाख कोटी पानं झाली. पण त्याच संस्थेवर त्याआधीच्या वर्षी सायबर हल्ला झाला आणि काही दिवस तिची दारं बंद होती. एकाच संस्थेच्या खांद्यावर सगळ्या जगाची आठवण टाकून निवांत झोपावं अशी परिस्थिती नाही.

हे सगळं तंत्र. आता मूळ मुद्दा.

सेवा बंद पडते तेव्हा ती निवड करत नाही. चांगलं, वाईट, बरोबर, चूक, सगळं एकदम जातं. लेखक निवड करतो. जे लेख आजही शोभतात ते तो ठेवतो, जे टोचतात ते 'तांत्रिक कारणाने' मागे राहतात, आणि मधल्यांना थोडी इस्त्री होते. असा संग्रह वाचणाऱ्याला वाटतं, हा माणूस पंधरा वर्षं एकसारखा शहाणाच होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे व्यवहारात ठीक असेल. पण मूठ झाकूनच ठेवायची तर 'जुनं लेखन, २००६ पासून' अशी पाटी कशाला लावायची? ती पाटी वाचकाला एक गोष्ट सांगते: हे तेव्हाचं आहे. तारीख हा त्या लेखाचा भाग असतो. तारीख २००९ ची आणि मजकूर आजचा, असं असेल तर ते दस्तऐवजातलं फेरफाराचं प्रकरण आहे; मग तो दस्तऐवज कितीही क्षुल्लक असो.

'माझंच लेखन, मी बदलीन नाहीतर जाळीन,' असं एका मैत्रिणीने मला सुनावलं. जाळण्याचा हक्क मी मान्य करतो, त्याबद्दल पुढे. बदलण्याचा हक्कही मान्य, बदल दिसत असेल तर. छापील पुस्तकांच्या जगाने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. चूक सापडली की शुद्धिपत्र जोडतात. विकल्या गेलेल्या प्रतींतून पान फाडून आणायला कुणी वाचकांच्या घरी जात नाही, कारण जाता येत नाही. छापलेल्या शब्दाची शिस्त लेखकाच्या सद्गुणातून आलेली नव्हती, ती नाइलाजातून आली होती. पडद्यावर तो नाइलाज संपला. आता शिस्त पाळायची तर आपणहून पाळावी लागते, आणि आपणहून पाळायच्या शिस्तीचं जे होतं तेच इथे होतं.

मोठमोठ्या जागीही झालं आहे. अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय आपली निकालपत्रं जाहीर झाल्यानंतर गुपचूप दुरुस्त करत असे. नुसती शुद्धलेखनाची नाही, कधी आशयालाही हात लागे. २०१४ मध्ये त्यावर बरीच चर्चा झाली, आणि २०१५ च्या ऑक्टोबरपासून न्यायालयाने ठरवलं की जाहीर झालेल्या निकालात बदल केला तर तो ठळक दाखवायचा आणि त्याची तारीख द्यायची. त्याच वेळी निकालपत्रात ज्या वेब पानांचा हवाला दिला असेल त्यांच्या प्रती जपून ठेवण्याचंही ठरलं, कारण त्या न्यायालयाच्या निकालांतले निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत पोचत नाहीत हे एका अभ्यासात दिसलं होतं. पानं हरवणं आणि पानं गुपचूप बदलणं, दोन्हींवर एकाच दिवशी इलाज केला गेला, हे मला फार सूचक वाटतं. कारण ती एकाच दुखण्याची दोन टोकं आहेत. दुवा मेला तर वाचकाला निदान कळतं की काहीतरी हरवलं आहे. बदललेल्या पानावर त्याला काहीच कळत नाही.

खुद्द वेबचं पहिलं पानही यातून सुटलं नाही. ते १९९१ चं. ज्या संशोधन संस्थेत वेब जन्मलं त्या सर्नने २०१३ मध्ये ते मूळ पत्त्यावर पुन्हा मांडायचं ठरवलं तेव्हा हाताशी होती ती १९९२ ची प्रत. मधल्या काळात पानावर काम चालूच होतं, नवं लिहिताना जुनं पुसलं जात होतं, आणि आपण इतिहास खोडतो आहोत हे तेव्हा कुणाच्या ध्यानात येणार? दोष कुणाचाच नाही. पण ते पान हरवायला कुणी कंपनी बंद पडावी लागली नाही, एवढं लक्षात ठेवावं.

आणि न बदललेल्याचं मोल कशात असतं, त्याचं माझं आवडतं उदाहरण २५ ऑगस्ट १९९१ चं. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने यूजनेट या वेबच्याही आधीच्या चर्चामंचावर कळवलं की मी एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितो आहे, नुसती हौस म्हणून, काही मोठं किंवा व्यावसायिक होणार नाही. तीच पुढे लिनक्स झाली. आज जगातल्या सगळ्यात वेगवान पाचशे संगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालतं. कोट्यवधी फोनच्या पोटात तेच आहे. त्या संदेशातला अंदाज जितका चुकला तितका तो संदेश मोलाचा झाला. 'एक महत्त्वाकांक्षी प्रकल्प सुरू करतो आहे' अशी त्याची नंतर इस्त्री झाली असती तर आज तो कुणी वाचलाही नसता.

माझा पुस्तकांवरचा लेख लिनक्सच्या पंक्तीला बसत नाही, हे उघड आहे. तिथेच पुढचा आक्षेप येतो: तुमचं जुनं लेखन जपून कुणाचं काय भलं होणार? बरंचसं लेखन सामान्यच असतं. ते वाचणार कोण?

प्रश्न रास्त आहे आणि मी त्याचं भव्य उत्तर देणार नाही. माझ्या संग्रहातला सगळ्यात जास्त उघडला जाणारा लेख एका जुन्या स्कॅनरबद्दल आहे. तो नव्या संगणकाला जोडायची खटपट मी एकदा केली होती आणि पायऱ्या लिहून ठेवल्या होत्या. कंपनीने त्या स्कॅनरला वाऱ्यावर सोडलं, तरी वर्षाकाठी पाच-सहा माणसं मला आभाराचं पत्र पाठवतात. राजकारणावर, समाजावर, साहित्यावर घाम गाळून लिहिलेल्या लेखांसाठी एकही नाही. कोणतं लेखन उपयोगी पडेल हे ठरवण्यात लेखक सगळ्यात कच्चा असतो, हे मी आता अनुभवाने सांगतो. यूजनेटवरच्या १९८१ ते १९९१ या काळातल्या गप्पा, भांडणं, शंका आज उपलब्ध आहेत त्या हेन्री स्पेन्सर यांच्यामुळे. टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात संगणकाचं काम बघणाऱ्या या माणसाने ते सगळं चुंबकीय फितींवर उतरवून ठेवलं होतं. १४१ फिती. त्यात काय आहे? 'हे चालत नाही, कुणाला माहीत आहे का?' अशी लाखो वाक्यं. त्यांनी त्यातलं 'महत्त्वाचं' तेवढंच निवडून ठेवलं असतं, तर काय महत्त्वाचं मानलं असतं याची कल्पनाही करवत नाही. सरसकट ठेवलं म्हणून तो काळ हाती लागला.

आता इस्त्री नको म्हणताना डागडुजी कुठपर्यंत चालेल हेही बघायला हवं, कारण हलवाहलवीत काहीतरी बदलतंच. देवनागरीत लिहिणाऱ्यांना हे जरा जास्तच ठाऊक आहे. युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची सामायिक संकेतपद्धत) रुळण्याआधी आपण ज्या फाँटांत लिहीत होतो त्यांत खरं तर रोमन चिन्हांनाच देवनागरीचा मुखवटा चढवलेला असायचा. फाँट गेला की मुखवटा गळतो आणि खाली नुसती चिन्हांची रांगोळी उरते. माझे सुरुवातीचे चाळीसेक लेख असेच. ते बदलून घेतले तेव्हा पहिली वेलांटी सगळीकडे एक घर मागे बसली होती, कारण जुन्या फाँटात ती दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप व्हायची, आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं नेमकं उलट: तो पूर्वी नंतर टाइप व्हायचा, आता र आधी लागतो. 'वर्ष' शब्दाची जी दशा झाली होती ती इथे छापता येणार नाही. हे सगळं मी दुरुस्त केलं आणि त्यात मला काडीचीही टोचणी नाही. वाचकाने तेव्हा जे पडद्यावर पाहिलं ते त्याला आज दिसावं, एवढंच त्या कामाचं उद्दिष्ट होतं.

पण त्याच लेखांत मी 'आशीर्वाद' हा शब्द सगळीकडे 'आर्शिवाद' असा लिहिला होता. ती चूक फाँटाची नव्हती, माझी होती. ती ठेवली. मैत्रीण म्हणाली, हा निव्वळ हट्ट आहे. असेल. कुणी शुद्धलेखन सुधारलं तर मी त्याच्याशी भांडायला जाणार नाही. माझी कसोटी इतकीच आहे की हा बदल झाल्यावर तेव्हाच्या कुठल्या वाचकाचं उत्तर वेडगळ दिसेल का? 'आर्शिवाद' सुधारला तर बहुधा नाही. (बहुधा, कारण एकाने त्यावरून माझी यथेच्छ खिल्ली उडवली होती.) 'पाच वर्षांत' बदललं तर नक्कीच. मतं, आकडे, भाकितं, कुणावर केलेले आरोप, कुणाची केलेली स्तुती, यांना हात लावायचा नाही. लावावासा वाटला तर खाली आजच्या तारखेने टीप. विकिपीडियाची रीत यापेक्षा सरस आहे: लेख रोज बदलो, पण जवळजवळ प्रत्येक जुनी आवृत्ती 'इतिहास' या खुणेखाली कुणालाही उघडता येते. एकट्या माणसाला एवढा पसारा सांभाळणं जड जातं. टीप मात्र कुणालाही जमते.

जाळण्याच्या हक्काबद्दल. इथे माझं मत 'सगळं ठेवा' असं म्हणणाऱ्यांशी जुळत नाही. माझ्या चुका माझ्या आहेत, आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण जुन्या लेखनात आपण दुसऱ्यांचंही पुष्कळ काही मांडून ठेवलेलं असतं. २००७ मध्ये मी एका जवळच्या माणसाच्या आजारपणावर लिहिलं होतं. नाव नव्हतं, पण ओळखणाऱ्यांना ओळखू यावं इतकं होतं. लेख चांगला होता, अनेकांनी तसं कळवलं होतं. मी तो नव्या जागी ठेवला नाही. ते दुखणं सांगायचं की नाही हे ठरवायचा अधिकार माझा नव्हताच. तेव्हा ते कळत नव्हतं, आता कळतं. आणि हे कळणंसुद्धा गुपचूप अमलात आणू नये असं मला वाटलं.

वेबच्या नियमावलीत यासाठी एक छोटी, फारशी न वापरली जाणारी सोय आहे. पान सापडलं नाही की सर्व्हर ४०४ असं उत्तर देतो, ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच यादीत ४१० आहे. त्याचा अर्थ: इथे पान होतं, ते काढून टाकलं आहे, परत येणार नाही. ४०४ हे खांदे उडवणं आहे, ४१० हे उत्तर आहे. त्या आजारपणाच्या लेखाच्या पत्त्यावर मी ४१० ठेवला आणि सोबत दोन ओळींची पाटी: 'इथे २००७ चा एक लेख होता. तो दुसऱ्या माणसाच्या खासगी आयुष्याबद्दल असल्यामुळे लेखकाने काढला.' पुसलेलं आहे, पण पुसलं आहे हे पुसलेलं नाही.

प्रत्येक गोष्ट पुसावीच लागते असंही नाही. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने १३ मे २०१४ रोजी 'विसरलं जाण्याच्या हक्का'चा प्रसिद्ध निकाल दिला. प्रकरण एका माणसाच्या जुन्या कर्जासंबंधी वर्तमानपत्रात आलेल्या सूचनेचं होतं. तो निकाल शोधयंत्राच्या यादीतून दुवा काढण्याबद्दल होता. वर्तमानपत्राच्या संग्रहातलं मूळ पान काढायला लावलं गेलं नाही. ज्यांनी तो निकाल फक्त मथळ्यातून वाचला ते हा फरक सोडून देतात. नोंद राहणं वेगळं आणि नाव टाइप करताच ती नोंद तोंडावर आदळणं वेगळं. स्वतःच्या साइटवर हा फरक आपणही करू शकतो. पानात 'नोइंडेक्स' अशी एक ओळ घातली की नियम पाळणारी शोधयंत्रं ते पान यादीत घेत नाहीत. पत्ता माहीत असलेल्याला, जुन्या दुव्यावरून येणाऱ्याला ते उघडतं. विशीत लिहिलेल्या माझ्या काही कविता अशा ठेवल्या आहेत. त्या वाचायला कुणाला बंदी नाही. फक्त मी त्यांची दवंडी पिटत नाही.

वाचकांच्या उत्तरांचं काय करावं, हा मात्र मला न सुटलेला प्रश्न आहे. ती त्यांची आहेत, माझी नाहीत. त्यांनी ती एका जागी लिहिली, मी दुसऱ्या जागी नेली, आणि विचारायला जावं तर दहातल्या आठांचे पत्ते मेलेले. सगळी टाकून द्यावीत तर लेख एकटे पडतात. वाद एका बाजूचाच उरतो, आणि तो अर्थातच मी जिंकलेला. म्हणून मी उत्तरं ठेवली आणि नावं काढून आद्याक्षरं ठेवली. सापडले त्यांना कळवलं. एकाने काढायला सांगितलं, काढलं, पाटी लावली. हा मार्ग कायद्याच्या कसोटीवर किती टिकेल ते वकील सांगतील. सभ्यपणाच्या कसोटीवर टिकावा असा प्रयत्न आहे.

पुस्तकांवरच्या त्या लेखाखाली आता आजच्या तारखेची टीप आहे. 'हा अंदाज साफ चुकला. खालचं उत्तर वाचावं.' उत्तर लिहिणारा मला सापडला नाही. २०१४ मध्ये बोलू म्हणाला होता. त्या वर्षी मी तो लेख उघडूनही पाहिला नव्हता.

नाव दहा वर्षांसाठी भरून ठेवलं आहे. दहा वर्षांनी मी असेन-नसेन, म्हणून सगळ्या फाइलींची एक नक्कल भाच्याला दिली. त्याच्याकडे पत्त्याच्या खात्याच्या किल्ल्याही आहेत. तो व्यवहारी आहे. त्याने फाइली चाळल्या, चार-दोन ठिकाणी हसला, आणि म्हणाला, "मामा, उद्या यातलं एखादं काढून टाकावंसं वाटलं तर कुणाला विचारायचं?"

मी म्हटलं, मला विचारता येणार नाही, तेव्हा तूच ठरव. बदलू नकोस. काढलंस तर पाटी लाव. पाटीवर काय लिहायचं ते त्याने एका कागदावर माझ्याकडून लिहून घेतलं, आणि 'लेखकाने काढला' यातला 'लेखकाने' हा शब्द खोडून तिथे मोकळी जागा सोडली.